लग्नखर्च आणि कर्जाचें खत

"लग्न पहावें करून आणि घर पहावें बांधून" ही म्हण मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या बोलली जात आहे. या दोन कार्यांत माणसाच्या ऐपतीची, धीराची आणि नातेसंबंधांची कसोटी लागते, असा तिचा आशय. परंतु घर बांधून झालें म्हणजे निदान डोक्यावर छप्पर राहतें. लग्नाचा मांडव चार दिवसांत उतरतो आणि त्यासाठीं काढलेलें कर्ज मात्र कित्येकदां वधूवरांना मुलें झालीं तरी फिटत नाहीं. हें कर्ज टाळतां येतें काय, आणि ज्यांनीं टाळलें त्यांनीं तें कोणत्या उपायानें टाळलें, या प्रश्नाला उपदेशापेक्षां इतिहास अधिक चांगलें उत्तर देतो. महाराष्ट्राच्या गेल्या दीडशें वर्षांच्या इतिहासांत तें उत्तर विखुरलेलें आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. विवाहाचा जो धार्मिक विधि आहे तो स्वभावतः महाग नाहीं. होम, पाणिग्रहण, सप्तपदी यांना लागतात थोडें तूप, थोड्या लाह्या, मूठभर अक्षता आणि चार समिधा. खर्चाचा डोंगर उभा राहतो तो विधीच्या भोवतीं: सीमांतपूजन, मानपान, वऱ्हाडाची सरबराई, जेवणावळी, वाजंत्री, वरात आणि देणेंघेणें. म्हणजे देवापुढें जें करावयाचें तें स्वस्त, आणि लोकांपुढें जें करावयाचें तें महाग. लग्नखर्चाच्या सगळ्या इतिहासाची किल्ली या एका भेदांत आहे.

जुन्या गांवगाड्यांत हा लोकांपुढचा खर्चहि पुष्कळसा रोख पैशांत होत नसे. कुंभार मडकीं आणून देई, सुतार मांडवाच्या मेढी तासून देई, न्हावी आणि परीट आपापलें काम करीत. त्यांचा मोबदला बलुत्याच्या आणि मानाच्या रूपानें ठरलेला असे. भाऊबंद धान्य घालीत, शेजारी भांडीं देत, बायका एकत्र बसून दळणकांडण उरकीत. अहेर हा तर एक प्रकारचा बिनव्याजी कर्जव्यवहारच होता. आज तुमच्या घरीं पागोटें किंवा लुगडें दिलें, उद्यां आमच्या घरीं तें त्याच तोलाचें परत आलें पाहिजे, हा अलिखित करार सर्वांना ठाऊक असे. आणि कित्येक घरीं तो वहींत लिहूनहि ठेवीत. त्यामुळें एका घरावर एकदम पडणारा भार दहा घरांवर आणि दहा वर्षांवर वांटला जाई.

अर्थात् तो काळ म्हणजे सुवर्णयुग होता असें समजण्याचें कारण नाहीं. सावकार तेव्हांहि होता. कांहीं जातींत वरपक्ष हुंडा मागे, तर पुष्कळ शेतकरी जातींत वरपक्षालाच वधूच्या बापाला देज द्यावें लागे आणि त्यासाठीं मुलाचा बाप ऋणको बने. फरक होता तो इतकाच कीं, सावकाराची वसुली गांवाच्या मर्यादेंत होती. ऋणकोला पार बुडविलें तर गांव दुखावेल, पाटील आड येईल आणि उद्यां व्यवहार कोणाशीं करावयाचा, याचें भान त्याला ठेवावें लागे.

१८१८ सालीं पेशवाई गेली आणि पुढील पन्नास वर्षांत ही चौकट बदलली. १८३६ सालीं इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांची नवी जमीनमोजणी आणि आकारणी सुरू झाली. सारा ठरलेला, रोख आणि ठराविक हप्त्यानें द्यावयाचा. जमिनीवर शेतकऱ्याचा हक्क स्पष्ट, म्हणूनच ती गहाण टाकण्यास आणि विकण्यासहि मोकळी. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, तिकडचा कापूस विलायतेस जाईनासा झाला आणि इकडील कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास बोरघाटांतून आगगाडीचा मार्ग होत होता, मजुरी वाढली. शेतकऱ्याची पत वाढली आणि सावकाराचा हात सैल झाला. युद्ध संपलें, भाव कोसळले, मोजणीच्या फेरतपासणींत साऱ्याचे आंकडे मात्र चढले. पैसा हातीं असतांना वाढलेला खर्च पैसा गेल्यावर आपोआप खालीं येत नाहीं. गेल्या वर्षीं थोरल्या मुलीच्या लग्नांत जें केलें तें यंदां धाकटीच्या लग्नांत न केलें तर लोक कारण विचारतात.

कर्ज वाढतें कसें, हेंहि येथें पाहण्यासारखें आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या कर्जाचा दावा तीन वर्षांच्या आंत लावणें भाग पडलें. हेतु ऋणकोच्या रक्षणाचा होता. परिणाम उलटा झाला. मुदत संपत आली कीं सावकार जुनें खत फाडून मुद्दल आणि व्याज मिळून नवें खत लिहून घेई. समजा, मुलाच्या लग्नासाठीं कोणी दरमहा शेंकडा दोन रुपये व्याजानें १०० रुपये काढले आणि त्यांतील कांहींच फेडलें नाहीं. तीन वर्षांनीं नवें खत १७२ रुपयांचें होईल. सहा वर्षांनीं तें सुमारें २९६ रुपयांचें, आणि नऊ वर्षांनीं सुमारें ५०९ रुपयांचें. व्याज मुद्दलाहून अधिक घेऊं नये हा दामदुपटीचा जुना नियम न्यायालयांस मान्य होता; परंतु दर तीन वर्षांनीं व्याजाचेंच मुद्दल होऊं लागल्यावर तो नियम बाजूला पडला. खत पुढें ठेवलें कीं न्यायालय हुकूमनामा देई. ज्या मांडवांत पंक्ति उठल्या त्या पंक्तींची आठवणहि उरत नसे, आणि घरची जमीन त्यांची किंमत देत असे.

१८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यांतील करडे या गांवीं लोकांनीं सावकारांवर बहिष्कार घातला. पुढें १२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें बाजाराच्या दिवशीं जमाव सावकारांच्या दुकानांवर चालून गेला आणि पाहतां पाहतां दंग्याचें लोण पुणें आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गांवांत पसरलें. या जमावाचा रोख मुख्यतः सावकाराच्या अंगावर नव्हता, त्याच्या दप्तरावर होता. खतें आणि रोखे मागून घ्यावेत आणि जाळावेत, एवढेंच बहुतेक ठिकाणीं घडलें.

या दंग्यांची चौकशी करण्यासाठीं सरकारनें मंडळ नेमलें. त्याच्या अहवालांतील एक निष्कर्ष लग्नखर्चाच्या चर्चेंत फार महत्त्वाचा आहे. त्या वेळीं अनेक अधिकाऱ्यांचें मत असें होतें कीं, कुणबी लग्नांत उधळपट्टी करतो म्हणून तो कर्जबाजारी होतो. मंडळानें हें मत तपासून पाहिलें आणि तें अतिशयोक्त ठरविलें. लग्नाचा खर्च शेतकऱ्याच्या मानानें अधिक असेल, परंतु तसे प्रसंग क्वचित् येतात. त्याच्या कर्जाचा गाभा क्वचितच लग्नांत सांपडतो. सारा, बीं, बैल आणि पोटाचें धान्य यांसाठीं वारंवार घेतलेल्या लहान लहान रकमाच त्याला अधिक बुडवितात, असा मंडळाचा अभिप्राय होता. जोतीराव फुले यांनींहि १८८३ सालच्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत हाच आरोप खोडून काढला. कुणब्याच्या घरचें लग्न किती साधें आणि त्याच्या पंगतीचें अन्न किती हलकें असतें हें दाखवून, अशा लग्नांनीं तो भिकारी झाला हें म्हणणें किती पोकळ आहे, हें त्यांनीं मांडलें.

याचा अर्थ लग्नखर्च निरुपद्रवी आहे असा नव्हे. अर्थ असा कीं, ज्या घरांत शिल्लक आहे तें घर एक लग्न सहन करूं शकतें. जें घर आधींच कांठावर उभें आहे त्याला तेंच लग्न पाण्यांत ढकलतें. आणि तरीहि कांठावरचा माणूस खर्च कां करतो? तो मूर्ख असतो म्हणून नव्हे. ज्या भाऊबंदांच्या आधारावर त्याला पुढें जगावयाचें असतें त्यांच्यांत आपली पत राखणें त्याला भाग असतें म्हणून. एकट्या माणसानें खर्च कमी केला तर त्याला कंजूष म्हणतात. शंभर माणसांनीं मिळून तो कमी केला तर त्याला रीत म्हणतात. म्हणून "अंथरूण पाहून पाय पसरावे" हा एकट्यादुकट्याला केलेला उपदेश बहुधा वायां जातो.

ही नवी रीत पाडण्याचा पहिला मोठा प्रयत्न पुण्यांतच झाला. २४ सप्टेंबर १८७३ रोजीं जोतीराव फुले यांनीं सत्यशोधक समाजाची स्थापना केली आणि त्याच वर्षीं २५ डिसेंबर रोजीं सीताराम जबाजी आल्हाट आणि राधा यांचा विवाह नव्या पद्धतीनें लागला. सावित्रीबाई फुले यांनीं या कार्यांत पुढाकार घेतला होता. पुरोहित नाहीं, हुंडा नाहीं, थाटमाट नाहीं. वधूवरांनीं सर्वांसमक्ष एकमेकांना वचनें द्यावयाचीं आणि जमलेल्यांनीं त्यांना साक्षी राहावयाचें. या विवाहासाठीं जोतीरावांनीं मंगलाष्टकें रचलीं. त्यांत वर आणि वधू एकमेकांस उद्देशून बोलतात. पुढें १८८७ सालीं पूजाविधि आणि मंगलाष्टकें यांची पुस्तिकाहि निघाली. ४ फेब्रुवारी १८८९ रोजीं जोतीरावांचे दत्तक पुत्र यशवंत यांचें लग्न झालें, तेंहि याच पद्धतीनें. जें लोकांना सांगितलें तें स्वतःच्या घरीं केलें, म्हणूनच त्या सांगण्याला वजन आलें.

या विवाहांचा हेतु केवळ काटकसर हा नव्हता. प्रतिष्ठा आणि समता हा त्यांचा मुख्य आशय होता. परंतु कर्जाच्या दृष्टीनें त्यांतील योजना लक्षांत घेण्याजोगी आहे. समाजाचे सभासदच लग्नाला पाठबळ देत. ज्या चारचौघांच्या भयानें माणूस खर्च करतो, त्या चारचौघांच्या जागीं दुसरे चारचौघे उभे राहिले. विरोध अर्थातच झाला. ग्रामजोशी हा वतनदार असल्यामुळें त्याला न बोलावतां लग्न केलें तरी तो आपल्या हक्काच्या दक्षिणेसाठीं न्यायालयांत जाई, आणि जुन्नर भागांतून अशीं प्रकरणें पुढें आलीं. तेव्हां एकट्या शेतकऱ्याला ज्या दाव्याची धास्ती वाटली असती, तो दावा समाजाचा आधार असल्यामुळें त्याला लढवितां आला.

याच काळांत राजपुतान्यांत दुसऱ्या प्रकारचा प्रयत्न झाला. तेथील रजपूत घराण्यांत मुलीच्या लग्नाचा खर्च आणि चारण-भाटांना द्यावयाचा 'त्याग' यांनीं जहागिरी गहाण पडत. राजपुतान्यांतील गव्हर्नर-जनरलचे प्रतिनिधि कर्नल वॉल्टर यांच्या पुढाकारानें १८८८ सालीं अजमेर येथें संस्थानांच्या प्रतिनिधींची सभा भरली आणि तिच्यांतून 'वॉल्टरकृत राजपूत हितकारिणी सभा' निघाली. जहागिरदाराच्या वार्षिक उत्पन्नाच्या प्रमाणांत लग्नखर्चाची मर्यादा ठरली. त्यागावर नियम घातले गेले. विवाहाचें वय मुलाचें १८ आणि मुलीचें १४ असें ठरलें. न्यायमूर्ति रानडे हे सामाजिक परिषदेच्या व्यासपीठावरून या सभेचा गौरवानें उल्लेख करीत. पुण्याचा प्रयत्न खालून वर गेला, अजमेरचा वरून खालीं आला. परंतु दोहोंचें मर्म एकच होतें. खर्चाची मर्यादा सर्वांना सारखी लागू झाली म्हणजे ती पाळण्यांत कोणाचाच कमीपणा राहत नाहीं.

यानंतर लग्नकर्जाचा प्रश्न खेड्यांतून शहरांत आला. मुंबईच्या कामगारांच्या कौटुंबिक जमाखर्चाची जी पाहणी सरकारी मजूर कचेरीनें १९२१-२२ सालीं केली, तिच्यांत शेंकडा ४७ कुटुंबें कर्जबाजारी आढळलीं. कुटुंबाची सरासरी मासिक मिळकत सुमारें ५२ रुपये होती, आणि रुपयास महिना एक आणा, म्हणजे वर्षाला शेंकडा ७५, हा व्याजाचा दर सर्रास चालत होता. या दरानें लग्नासाठीं २०० रुपये काढले तर दरमहा नुसतें व्याज साडेबारा रुपये होतें. म्हणजे मिळकतीचा जवळजवळ चौथा हिस्सा. सोळा महिन्यांत मुद्दलाइतकें व्याज भरून होतें आणि मुद्दल जागच्या जागीं राहतें. कोंकणांतल्या किंवा घाटावरच्या गांवीं लागलेल्या एका लग्नाचें ओझें असें गिरणींतल्या साच्यावर येऊन पडत असे.

शहरी मध्यम वर्गानें यावर एक नवी युक्ति शोधली आणि तिचाहि अनुभव बोधप्रद आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं मृत्यूप्रमाणें लग्नाचाहि विमा उतरविणाऱ्या लहान लहान मंडळ्या निघाल्या. सभासदानें थोडी थोडी वर्गणी भरावयाची आणि लग्न झालें कीं ठोक रक्कम घ्यावयाची. यांतील पुष्कळ मंडळ्या वांटणीच्या तत्त्वावर चालत. वर्षांत जमलेली वर्गणी त्या वर्षीं मागणी करणाऱ्यांत वांटून टाकली जाई. प्रथम आलेल्या थोड्यांना घसघशीत रक्कम मिळे, ती ऐकून इतर धांवत, आणि मागणाऱ्यांची संख्या वाढली कीं वांटा आटे. यांत मूळ चूक अशी होती कीं, मृत्यु माणसाच्या हातीं नसतो, लग्न मात्र असतें. जें ठरवून घडवून आणतां येतें त्याचा विमा टिकत नाहीं. त्याला शिल्लकच लागते. अशा मंडळ्यांना आळा घालण्यासाठीं १९१२ सालीं प्रॉव्हिडंट विमा मंडळ्यांचा कायदा झाला, आणि १९३८ च्या विमा कायद्यानें वांटणीचा धंदा बंद केला.

टिकाऊ मार्ग निघाला तो सहकाराचा. १९०४ सालीं सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. २७ डिसेंबर १९०६ रोजीं राव बहादुर श्रीपाद सुब्बराव तालमकी यांनीं मुंबईंत शामराव विठ्ठल सहकारी पतपेढी काढली. चित्रापूर सारस्वत समाजांतील बेताच्या मिळकतीच्या कुटुंबांना बचतीची आणि माफक व्याजानें कर्जाची सोय करून देण्यासाठीं ती होती, आणि पुढें तिची मोठी बँक झाली. अशा संस्थांपुढें लग्नाचा प्रश्न वारंवार येई. लग्नासारख्या अनुत्पादक कामाला कर्ज द्यावें काय? नाहीं म्हटलें तर सभासद सावकाराकडे जातो. हो म्हटलें तर उधळपट्टीला पेढीचाच हातभार लागतो. मधला मार्ग असा कीं, रक्कम मर्यादित, फेड हप्त्यानें, आणि जामीन ओळखीचा. जामीन राहणारा शेजारी जेव्हां "एवढे पैसे कशाला?" असें विचारतो, तेव्हां त्याच्या प्रश्नाला उपदेशकाच्या व्याख्यानाहून अधिक धार असते.

या इतिहासांत श्रीमंतांचेंहि एक कर्तव्य दिसून येतें. १९२६ सालीं वर्ध्याचे जमनालाल बजाज यांची कन्या कमला हिचा विवाह साबरमतीच्या आश्रमांत गांधीजींच्या उपस्थितींत अगदीं साधेपणानें झाला. लक्षाधीश व्यापाऱ्याला खर्चाची अडचण नव्हती. म्हणूनच त्याच्या साधेपणाला अर्थ होता. गरिबानें साधें लग्न केलें तर ती त्याची गरिबी समजली जाते. धनवंतानें तें केलें म्हणजे गरिबालाहि तसें करण्यास मोकळीक मिळते. उलट, गांवांतील सर्वांत सधन माणूस आपल्या मांडवानें जी उंची ठरवितो, ती गांठण्यासाठीं त्याच्या मागचीं दहा घरें खत लिहून देतात.

स्वातंत्र्यानंतर कायद्यानेंहि वाट रुंद केली. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानें तीस दिवसांची नोटीस, विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार एवढ्यांवर विवाह होऊं शकतो. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांत पक्षांच्या रूढ विधींची अपेक्षा आहे. जेवणावळीची किंवा वरातीची नाहीं. १९६१ सालीं हुंड्याला बंदी झाली, जरी तो नांव बदलून पुष्कळ घरांत शिरत राहिला. धर्मादाय संस्था, देवस्थानें आणि जातिसंस्था यांनीं सुरू केलेले सामुदायिक विवाह हें तर गांवगाड्यांतील जुन्या सहकार्याचेंच नवें रूप होय. एका मांडवांत पंचवीस लग्नें लागलीं म्हणजे मांडवाचा खर्च पंचविसांत वांटला जातो, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कोणाचें लग्न कोणाहून थाटाचें, हा प्रश्नच उरत नाहीं.

या सर्व प्रयत्नांतून घरगुती व्यवहारापुरता निघणारा बोध साधा आहे. पहिला असा कीं, लग्न हा अचानक कोसळणारा प्रसंग नव्हे. मूल जन्मतें तेव्हांच तो दिसूं लागतो. दरमहा रुपया बाजूस टाकणाऱ्या १९२२ सालच्या कामगाराजवळ पंधरा वर्षांत, व्याज न धरतांहि, १८० रुपये जमले असते; आज आंकडे बदलले आहेत, हिशोब बदललेला नाहीं. दुसरा असा कीं, खर्चाची रक्कम आधीं ठरवावी आणि समारंभ तींत बसवावा. समारंभ आधीं ठरवून रक्कम मागाहून शोधूं नये. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा असा कीं, हा निश्चय एका घरानें एकट्यानें करूं नये. ज्यांच्या नजरेला भिऊन आपण खर्च करतों ते लोकहि बहुधा आपल्याच नजरेला भिऊन खर्च करीत असतात.

लग्न ठरतांना दोन्ही पक्षांनीं याद करण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. कोणीं काय द्यावें, मानपान कोणाचा, जेवणें किती, हें सारें त्या यादींत येतें. तिच्या शेवटीं आणखी एक कलम घालण्यास कोणत्याहि शास्त्राची आडकाठी नाहीं: या कार्यासाठीं उभय पक्षांपैकीं कोणींहि कर्ज काढूं नये. या कलमाखालीं दोन्ही व्याह्यांच्या सह्या पडल्या तर सुप्याच्या बाजारांत जीं खतें जाळावीं लागलीं तशीं खतें मुळांत लिहिलींच जाणार नाहींत.